कालवे, जुने रूळ आणि पाणंदी: ग्रामीण फ्रान्समध्ये मोटारींशिवाय सायकल

कच्च्या वाटांसाठीची ग्रॅव्हल सायकल घेऊन फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत फिरायचं ठरवलंत की तयार मार्गांचा ढीग समोर येतो. त्यातला एखादा उचलून निघालं तरी सहल होते. पण आठवडाभर मोटारीचा आवाजसुद्धा कानावर नको असेल, तर आपला मार्ग आपण जोडायला शिकावं. ते अवघड नाही. नकाशावर दिसणाऱ्या प्रत्येक वाटेला एक प्रश्न विचारायचा: ही मुळात कोणासाठी केली होती? आगगाडीसाठी, नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी, जंगलातलं लाकूड बाहेर काढण्यासाठी, की शेतावर जाणाऱ्या माणसांसाठी? या उत्तरावरून चढ किती असेल, चाकाखाली मुरूम येईल की चिखल, प्यायचं पाणी कुठे मिळेल आणि तिथे सायकल न्यायची मुभा आहे का, हे सगळं बरंचसं आधीच कळतं.

रूळ उचलले, भराव राहिला

नवख्या माणसाने आगगाडीच्या वाटेपासून सुरुवात करावी. 1879 मध्ये, शार्ल द फ्रेसिने सार्वजनिक बांधकाममंत्री असताना, फ्रान्सने लहान लहान गावांपर्यंत रूळ नेण्याची मोठी योजना हाती घेतली. पुढे मोटारी आणि बसगाड्या आल्या, विसाव्या शतकात यातल्या कितीतरी शाखा बंद पडल्या. रूळ उचलले गेले. भराव, पूल आणि बोगदे जागेवर राहिले. त्यांवर केलेल्या वाटांना ‘व्वा व्हेर्त’ म्हणतात. चौकोनी निळ्या पाटीवर पादचारी, सायकल आणि बऱ्याचदा घोडेस्वार अशी चित्रं दिसली, की तिथे मोटारीला बंदी आहे असं समजावं. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, त्यामुळे या वाटा सहसा दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त चढत नाहीत. सामान लादलेल्या सायकलीवरूनही डोंगराळ मुलूख गप्पा मारत पार होतो.

बर्गंडीतली जिव्री ते क्लूनी ही 44 किलोमीटरची वाट 1997 मध्ये खुली झाली. देशातली ही पहिली व्वा व्हेर्त. ती डांबरी आहे, त्यामुळे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी उत्तम. ग्रॅव्हल सायकलीची रुंद चाकं मात्र तिथे वाया जातात. क्लूनीहून पुढे माकाँकडे जाताना ब्वा क्लेर नावाचा 1.6 किलोमीटरचा बोगदा लागतो. वटवाघळांची शीतनिद्रा मोडू नये म्हणून तो हिवाळ्यात बंद ठेवतात आणि मग डोंगरावरून वळसा घ्यावा लागतो.

खरी मुरमाची वाट हवी असेल तर दक्षिणेत, ओ-लाँगदोकच्या डोंगरांमध्ये जा. माझामे ते बेदार्यू अशी सुमारे 80 किलोमीटरची ‘पासा पाईस’ ही वाट माझ्या मते या जातीतली सर्वांत देखणी. सुरुवातीचं पाणी अटलांटिक महासागराकडे वाहत असतं. वाटेत पाणलोटाची सीमा ओलांडली जाते आणि पलीकडचं पाणी भूमध्य समुद्राला मिळतं. त्याबरोबर झाडंही बदलतात. ओलसर, गर्द रान मागे पडतं, मग चेस्टनटची झाडं, चेरीच्या बागा आणि द्राक्षमळे सुरू होतात. ओलार्ग हे नदीच्या वळणावर टेकडीला बिलगलेलं गाव याच वाटेवर आहे. तिथे मुक्काम करा. बोगद्यांसाठी सायकलला पुढे-मागे दिवा हवाच.

उत्तरेत पेर्श प्रदेशात आलाँसाँ ते काँदे-स्यूर-उईन ही 67 किलोमीटरची वाट अशीच आहे. पेर्शरोन जातीचे धिप्पाड घोडे मूळचे इथले. कुंपणाच्या झाडीतून, सफरचंदाच्या बागांतून ही वाट जाते. पॅरिसहून माँ-साँ-मिशेलला जाणारा ‘व्हेलोसेनी’ हा साडेचारशे किलोमीटरांचा सायकलमार्ग इथूनच नेलेला आहे.

घोड्यांची वाट

कालव्याच्या काठची वाट म्हणजे ‘आलाज’. इंजिन येण्याआधी घोडे, बैल आणि कधी माणसंही काठाने चालत दोराने नाव ओढत. म्हणून ही वाट पाण्याला चिकटून सपाट जाते आणि जलपाशापाशी, म्हणजे नाव वरखाली करणाऱ्या दरवाज्यांपाशी, तेवढी एक छोटीशी टेकडी चढते. जलपाशाशेजारी रखवालदाराचं घर असतं. आता त्यांपैकी काही घरांत उपाहारगृहं किंवा मुक्कामाच्या खोल्या आहेत.

ब्रिटनीतला नाँत–ब्रेस्त कालवा मी सगळ्यांच्या आधी सुचवेन. इंग्रजांच्या आरमाराने ब्रेस्त बंदराची समुद्रातून कोंडी केली होती, तेव्हा आतल्या पाण्याने रसद पोहोचावी म्हणून नेपोलियनच्या काळात हा घाट घातला गेला. लांबी 364 किलोमीटर आणि जलपाश दोनशेहून अधिक. पूर्ण होईपर्यंत नेपोलियन नव्हता आणि ती लढाईही नव्हती. थोड्याच दशकांत आगगाडीने त्याचा व्यापारही नेला. त्यामुळे ग्रामीण ब्रिटनीच्या पोटातून जाणारी, दाबून बसवलेल्या वाळू-मुरमाची एक जवळजवळ सलग वाट आज सायकलवाल्यांच्या वाट्याला आली आहे. जोसलँला पाण्यातून सरळ वर उठणारे किल्ल्याचे बुरूज दिसतात. रोआँ आणि पाँतिव्हीच्या मधल्या पंचवीसेक किलोमीटरांत पन्नासहून अधिक जलपाश ओळीने येतात. ग्लोमेलपाशी कालव्याला टेकडी ओलांडता येईना, म्हणून 1823 ते 1832 या काळात ब्रेस्तच्या तुरुंगातले कैदी आणून टेकडी फोडली. तिथे वीस मीटरांहून खोल अशा खंदकातून सायकल जाते. मृत्यू, आजार, पळून जाण्याचे प्रयत्न यांनी भरलेला तो इतिहास आहे. तिथे थांबून माहितीचा फलक वाचावा आणि मगच पुढे निघावं.

एक जागा लक्षात ठेवा. गेर्लेदाँ येथे 1920 च्या दशकात धरण बांधायला घेतलं आणि कालव्याचा मोठा तुकडा पाण्याखाली गेला. त्यामुळे तिथे काठाची वाट तुटते. जवळूनच जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या व्वा व्हेर्तने ग्वारेक ते म्यूर-द-ब्रेतान्य असं जायचं आणि पुढे पुन्हा कालवा गाठायचा.

सगळेच कालवे असे नाहीत. तुलूझहून निघणारा कनाल द्यू मिदी सर्वांत प्रसिद्ध. पिएर-पोल रिके यांनी 1666 ते 1681 या काळात बांधवून घेतलेला हा कालवा 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तुलूझपासून नोरूझच्या उंचवट्यापर्यंत वाट गुळगुळीत आहे. पुढे मात्र बऱ्याच ठिकाणी एका चाकापुरती अरुंद माती, त्यात प्लेन वृक्षांची वर आलेली मुळं. त्यातच 2006 पासून एका बुरशीजन्य रोगाने ही झाडं हजारोंनी तोडावी लागली आहेत, म्हणून जुन्या छायाचित्रांतली गर्द सावली सगळीकडे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. जायचं तर रुंद टायर लावून जा, दिवसाचं अंतर कमी ठेवा आणि जुलै-ऑगस्टचा उन्हाळा टाळा.

मायेन नदीच्या काठची 85 किलोमीटरची वाट याच्या उलट, शांत आणि मुरमाची. गिरण्या, जलपाश आणि गाई यांच्या संगतीने दोन दिवसांत आरामात होते.

लाकडाच्या वाटा

जंगलातले रस्ते लाकूडवाहू मालमोटारींसाठी केलेले असतात. म्हणून ते रुंद आणि पक्क्या खडीचे असतात आणि तोंडाशी आडवा दांडा लावून मोटारींना अडवलेलं असतं. सरकारी जंगलं राष्ट्रीय वन कार्यालयाकडे आहेत आणि तिथल्या वनरस्त्यांवर सायकलला सहसा आडकाठी नसते. चढ मात्र मनमानी असतात: पाच टक्क्यांनी सुरू झालेला रस्ता वळणापलीकडे बारा टक्के होतो. कामाच्या दिवशी तोडणी चालू असेल तर अवजड वाहनं येतात आणि चाकोऱ्यांनी रस्ता फाटलेला असतो. शिकारीचा हंगाम सोडला तर शनिवार-रविवारी हीच जंगलं निवांत असतात.

यासाठी बर्गंडीतलं मोर्व्हाँ निवडा. खाली ग्रॅनाइट आहे, त्यामुळे पावसानंतर वाटा फार वेळ चिखलाच्या राहत नाहीत. ओक, बीच आणि डग्लस फरची झाडी आहे. पॅरिस शेकडो वर्षं इथल्या सरपणावर तापलं. ओंडके ओढ्यांतून सोडत, क्लामसीला त्यांचे तराफे बांधत आणि ते योन नदीतून राजधानीला नेत. पुढे याच व्यापारासाठी ओसेर ते दसीझ असा 174 किलोमीटरांचा निव्हेर्ने कालवा आला. त्याच्या काठची वाट कुठे डांबरी, कुठे मुरमाची आणि कुठे नुसत्या गवताची आहे.

इथे लाकूड आणि पाणी दोन्ही एकाच सहलीत जोडता येतात. पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून प्रादेशिक गाडीने ओसेर, मग कालव्याने दक्षिणेला क्लामसी. गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं लिहिणारे रोमाँ रोलाँ याच गावचे. 1866 चा त्यांचा जन्म. शेवटची वर्षं त्यांनी जवळच्या व्हेझलेला काढली. व्हेझलेच्या टेकडीवरचं मध्ययुगीन चर्च बघून मोर्व्हाँच्या जंगलात शिरायचं आणि आव्हालाँहून परतीची गाडी धरायची. चार-पाच दिवस पुरतात. पाय भरून आले नसतील आणि महिनाभराची सवड असेल, तर आव्हालाँपासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत सुमारे 1400 किलोमीटरांचा, संपूर्ण मासिफ साँत्राल ओलांडणारा डोंगरी सायकलमार्गही आखलेला आहे. पण तो माउंटन बाइकसाठी आहे. ग्रॅव्हल सायकलवर त्याचे सोपे तुकडे निवडून घ्यावेत.

पाणंदी आणि द्राक्षमळे

सर्वांत मोठा खजिना मात्र कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. फ्रान्समध्ये सुमारे 35 हजार ग्रामपालिका आहेत आणि प्रत्येकीच्या शिवारात आपल्या पाणंदीसारख्या वाटा आहेत. कायद्याने या ‘शमँ र्युराल’ ग्रामपालिकेच्या मालकीच्या आणि सार्वजनिक वापरासाठी असतात. मोटारीला त्या आपोआप बंद नसतात. महापौराने तसा आदेश काढावा लागतो. पण दिवसातून एखादा ट्रॅक्टर आणि शेतकऱ्याची छोटी गाडी यापलीकडे तिथे फारसं कोणी फिरकत नाही. मला ‘मोटारमुक्त’ या शब्दाचा एवढा सैल अर्थ मान्य आहे. तुम्हालाही असेल, तर सगळा देशच तुमच्यासाठी उघडतो.

शर्यतवाल्यांनी या वाटा आधीच हेरल्या. ब्रिटनीतली ‘त्रो ब्रो लेओन’ ही शर्यत 1984 पासून तिथल्या कच्च्या वाटांवरून घेतली जाते आणि सर्वांत पुढे राहिलेल्या ब्रिटनीच्या सायकलपटूला डुकराचं पिल्लू बक्षीस मिळतं. टूर द फ्रान्सनेही 7 जुलै 2024 रोजी त्र्वा शहराभोवतीच्या टप्प्यात द्राक्षमळ्यांतले 14 कच्चे तुकडे घातले, एकूण 32 किलोमीटरांचे. ओब जिल्ह्यातल्या या पांढऱ्या वाटा कोरड्या दिवसांत अप्रतिम आहेत. वळणावळणाने मळ्यांमधून चढायचं, माथ्यावरच्या रानातून जायचं आणि पलीकडच्या दगडी गावात उतरायचं. मात्र चढ आखूड आणि खडे आहेत, धूळ भरपूर उडते आणि सप्टेंबरात द्राक्षतोडणी सुरू झाली की त्या वाटा कामकऱ्यांच्या असतात. तेव्हा बाजूला थांबून ट्रॅक्टरला जागा द्यायची.

निर्जनता हवी असेल तर सेव्हेन डोंगरांजवळचं कोस मेजाँ. तार्न आणि जोंत नद्यांच्या चारपाचशे मीटर खोल घळींमध्ये उचलून धरलेलं हे चुनखडीचं पठार सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. 2011 मध्ये हा सारा पशुपालक प्रदेश जागतिक वारसा ठरला. वर पोहोचण्यासाठी फ्लोराकहून एक लांब, कष्टाचा चढ चढावा लागतो. मग मात्र गवत, खडक, मेंढ्या आणि पांढऱ्या वाटा, नजर जाईल तिथपर्यंत. रानटी प्रझेवाल्स्की घोड्यांचा एक कळपही इथे राखलेला आहे. पण पाऊस पडताच चुनखडीत जिरून जातो, पठारावर ओढा नाही. मेंढ्यांसाठी केलेली डबकी दिसतात, त्यातलं पाणी पिऊ नये. फ्लोराकलाच तीन लिटर भरून घ्या.

खाली दगड कोणता?

ही गोष्ट नकाशाइतकीच महत्त्वाची आहे. ग्रॅनाइटच्या प्रदेशात, म्हणजे मोर्व्हाँमध्ये किंवा ब्रिटनीच्या बऱ्याच भागात, पाऊस थांबल्यावर तासाभरात वाट चालण्याजोगी होते. चुनखडीवरही तसंच, पण ओला चुनखडी दगड विलक्षण निसरडा. वळणावर ब्रेक दाबू नका. तुलूझच्या आग्नेयेला लोरागेत भारी चिकण माती आहे. ओली झाली की शंभर पावलांत चाक आणि फ्रेम यांच्यामधली जागा भरून जाते, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाऊस झाला असेल तर त्या दिवशी तिथल्या शेतवाटा सोडून कालवा धरा. आगगाडीच्या भरावांना आणि कालव्याच्या काठांना मुळात निचरा केलेला असतो, म्हणून पावसाळी दिवसांसाठी एक असा पर्याय प्रत्येक मुक्कामाजवळ हाताशी ठेवावा.

नकाशा आणि पाट्या

आयजीएन या राष्ट्रीय नकाशासंस्थेचे 1:25,000 प्रमाणाचे नकाशे ऑनलाइन फुकट बघता येतात. त्यात बारीक सलग काळी रेघ म्हणजे गाडीवाट आणि तुटक रेघ म्हणजे पायवाट. ग्रॅव्हल सायकलसाठी सलग रेघेवर राहा. मोबाइलमधलं मार्ग आखणारं ॲप बहुतेक वेळा चांगलं काम करतं, पण एखादी वाट खाजगी आहे किंवा नांगरून टाकली आहे हे त्याला माहीत नसतं. आदल्या संध्याकाळी संशयास्पद तुकडे हवाई छायाचित्रात बघावेत. पांढरी पट्टी ठळक दिसली तर वाट वापरात आहे, हिरवी दिसली तर काट्यांची तयारी ठेवा.

झाडांवर पांढरा-लाल पट्टा दिसला की ती ‘जीआर’, म्हणजे लांब पल्ल्याच्या पदभ्रमंतीची वाट. सपाट मुलुखात ती छान चालते, डोंगरात दगडी पायऱ्या निघतात. चालणाऱ्यांना अग्रहक्क द्यायचा, मागून जाताना दुरूनच घंटी आणि जवळ आल्यावर ‘बोंजूर’. त्रिकोण आणि त्याला जोडून दोन वर्तुळं अशी खूण असेल तर तो डोंगरी सायकलचा आखलेला मार्ग. हिरवा आणि निळा रंग ग्रॅव्हलला जमतो, लाल-काळा सोडून द्यावा.

दोन गोल पाट्यांची गल्लत करू नका. लाल कडेच्या गोलात मोटार आणि मोटारसायकलचं चित्र असेल तर बंदी फक्त मोटारवाहनांना आहे, तुम्ही जाऊ शकता. गोल आतून रिकामा पांढरा असेल तर सर्व वाहनांना बंदी, त्यात सायकलही आली. खाली अपवादाची पाटी नसेल तर उतरून ढकलत न्या किंवा दुसरी वाट धरा. ‘प्रिव्हे’, म्हणजे खाजगी, असं लिहिलेलं असेल तर आत शिरू नका. फेब्रुवारी 2023 च्या कायद्यापासून, पाटी लावलेल्या खाजगी शेतात किंवा जंगलात परवानगीशिवाय जाणं दंडाला पात्र आहे. फाटक बंद असेल आणि वाट सार्वजनिक असेल, तर उघडून आत जा आणि मागे न विसरता लावून घ्या. पलीकडे गुरं असतात.

सायकल, पाणी, जेवण

40 ते 45 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर या सगळ्या वाटांना पुरतात. साधारण वजनाच्या माणसाने हवा 30 ते 40 पीएसआयच्या दरम्यान ठेवावी. रस्त्यावरच्या सायकलची सवय असलेले लोक हमखास जास्त भरतात आणि मग हात बधिर होतात. गिअर हलके घ्या. डांबरी रस्त्यावर दिवसाला शंभर किलोमीटर सहज करणाऱ्यानेही इथे साठ-सत्तरच धरावेत. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट अंगावर असणं कायद्याने बंधनकारक आहे आणि सायकल चालवताना कानात इअरफोन घालायला मनाई आहे.

पाण्यासाठी गावची दफनभूमी शोधा. फुलांना घालण्यासाठी तिथे जवळपास नेहमीच नळ असतो आणि फ्रेंच सायकलवाले पिढ्यान्पिढ्या तिथेच बाटल्या भरत आले आहेत. ‘नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. शांतपणे आत जा, आवाज करू नका.

जेवणाच्या वेळा आपल्यासाठी थांबत नाहीत. गावातली दुकानं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात ती दोन-अडीचनंतर उघडतात. रविवार दुपार आणि सोमवार हे उपाशी राहण्याचे दिवस: बेकरीसुद्धा बऱ्याचदा सोमवारी बंद असते. काही गावांत पावाचं स्वयंचलित यंत्र असतं, पण त्यावर विसंबू नये. शाकाहारी माणसाचं पाव, चीज, टोमॅटो, फळं यांवर उत्तम भागतं, फक्त शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं सामान पिशवीत हवं. घरून न्यायचं तर शेंगदाण्याची चिक्की न्या. तुपातले लाडू आणि पेढे नेऊ नका, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे.

मुक्कामासाठी ग्रामपालिकेचा तंबूतळ सर्वांत स्वस्त. ‘आकय व्हेलो’ ही खूण असलेल्या घरांत आणि हॉटेलांत सायकलसाठी कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीची साधी हत्यारं मिळतात.

सावध राहायच्या गोष्टी

शिकारीचा मुख्य हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी असतो, तारखा जिल्ह्याप्रमाणे बदलतात. रानडुकरांचा हाका चालू असेल तर वाटेवर ‘शास आँ कूर’, म्हणजे शिकार चालू, असा फलक आणि नारिंगी जाकिटातली माणसं दिसतात. तिथून मागे फिरा. अशा दिवसांत स्वतःही भडक रंगाचे कपडे घाला. माझा सल्ला सरळ आहे: जंगलातली सहल मे, जून किंवा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवा.

आल्प्स, पिरेनीज आणि दक्षिणेतल्या पठारांवर मेंढ्यांची राखण ‘पातू’ नावाचे मोठे पांढरे कुत्रे करतात. कुत्रा भुंकत आला की सायकलवरून उतरा, सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरा, डोळ्याला डोळा न भिडवता हळू चालत कळपाला लांबून वळसा घाला. वेगाने पळून जाण्याचा प्रयत्न सर्वांत वाईट. दक्षिणेत उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे प्रशासन त्या त्या दिवशी डोंगर आणि जंगलं बंद करतं. आदल्या संध्याकाळी जिल्ह्याचं संकेतस्थळ बघावं. जंगल आणि उंच गवतातून आल्यावर पाय, जांघा आणि गुडघ्यांमागे गोचीड आहे का ते रोज तपासा. लाइम रोग त्यांच्यामुळे होतो. गोचीड काढायचा छोटा आकडा तिथल्या कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतो. कुठलीही आणीबाणी आली तर 112.

गाडीचा आधार

यातलं सगळं जमतं ते प्रादेशिक रेल्वेमुळे. ‘टेर’ गाड्यांत सायकल सहसा फुकट नेता येते, काही प्रांतांत उन्हाळ्यात आधी जागा राखावी लागते. टीजीव्ही या अतिवेगवान आणि इतर लांब पल्ल्याच्या गाड्यांत सायकलचं वेगळं, सुमारे दहा युरोंचं आरक्षण लागतं आणि जागा मोजक्याच असतात. चाकं काढून पिशवीत भरलेली सायकल सामान म्हणून नेता येते. मार्ग एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत आखावा. फिरून त्याच जागी येण्याचा हट्ट धरला की नको तो मोटाररस्ता गळ्यात पडतो.

महाराष्ट्रातल्या अनेक सायकलस्वारांना पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकलफेरी ठाऊक आहे. दर चार वर्षांनी, राँबुयेहून, बाराशे किलोमीटर. पुढची 2027 च्या ऑगस्टमध्ये. 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या पात्रताफेऱ्या पार करून इथून लोक जातात, मोर्तान्य-ओ-पेर्श, तँतेन्याक, लुदेआक, कारे इथल्या नियंत्रणठाण्यांवर शिक्के घेतात आणि बहुतेक जण लगेच विमानाने परततात. त्यांना माझं आग्रहाचं सांगणं: व्हिसा आणि परतीचं तिकीट आठवडाभर पुढचं काढा. मोर्तान्यहून आलाँसाँ–काँदेची व्वा व्हेर्त जाते. तँतेन्याक इल-ए-राँस कालव्यावर आहे आणि हेदेचे ओळीने उतरणारे अकरा जलपाश तिथून जवळ आहेत. कारेपासून तर नाँत–ब्रेस्त कालवाच जवळ आहे.

दोन दिवस झोप काढा. टायर रुंद बसत असतील तर बदला. लांब पल्ल्याच्या सायकलला 35 मिलिमीटर मावत असतील तरी कोरड्या हवेत चालतं. गँगाँहून छोट्या गाडीने कारे गाठा. पहिल्या दिवशी ग्लोमेलच्या खंदकातून ग्वारेक, दुसऱ्या दिवशी बाँ-रपोचा मठ बघून धरणाच्या कडेकडेने पाँतिव्ही, तिसऱ्या दिवशी जलपाशांच्या ओळीवरून जोसलँ, चौथ्या दिवशी मालेत्र्वाला जेवून संध्याकाळपर्यंत रदाँ. सगळं मिळून दोनशेच्या आसपास किलोमीटर. रदाँहून पॅरिसला टीजीव्ही आहे. तिचं सायकलचं आरक्षण मुंबईतून निघण्याआधीच करून ठेवा, कारण ऑगस्टअखेरीस सुट्टीहून परतणाऱ्यांमुळे त्या जागा लवकर संपतात.